चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी कुटुंबाला नाताळ साजरा करता येतो का?

तुम्ही विचारले आहे की, यजमानांची बदली शांघायला झाली आहे, कुटुंब कॅथलिक आहे, मुले शाळेत जाणारी आहेत, आणि चीनमध्ये नाताळला बंदी असते असे जो तो सांगतो. तर ते खरे आहे का, आणि तिथले परदेशी लोक हा सण करतात तरी कसा. मी मूळचा वसईचा असून नोकरीनिमित्त काही वर्षांपासून शांघायमध्ये सहकुटुंब राहतो. माझे स्पष्ट मत असे आहे की येथे नाताळ करण्यात खरी अडचण बंदीची नसून कामाच्या दिवसाची आहे, आणि एकदा हे ध्यानात घेतले की बाकीची आखणी करणे अवघड जात नाही.

हाँगकाँग आणि मकाव येथे नाताळची सार्वजनिक सुट्टी असते, मुख्य भूमीवर मात्र ती नसते. 25 डिसेंबरला बँका, कार्यालये, कारखाने आणि चिनी शाळा नेहमीप्रमाणे चालू राहतात. त्यातच चीनमधील आर्थिक वर्ष 31 डिसेंबरला संपत असल्यामुळे कंपन्यांमध्ये वर्षअखेरच्या हिशेबांची घाई नेमकी याच आठवड्यात असते, आणि रजेचा अर्ज आयत्या वेळी पुढे केला तर वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. यजमानांनी रजा नोव्हेंबरातच मंजूर करून घ्यावी. मुले आंतरराष्ट्रीय शाळेत जाणार असतील तर त्यांना साधारणपणे दोन-तीन आठवड्यांची हिवाळी सुट्टी मिळेल. चिनी शाळेत घालणार असाल तर मोठी सुट्टी थेट चिनी नववर्षाच्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत मिळते. या कारणाने बहुतेक परदेशी कुटुंबे सणाचे दोन भाग करतात: 24 तारखेची संध्याकाळ चर्चसाठी, आणि जेवणावळ, कॅरल, मुलांच्या भेटवस्तू हे सारे जवळच्या शनिवार-रविवारी.

बंदीच्या बातम्या निराधार नाहीत, पण त्यांची व्याप्ती समजून घ्यायला हवी. 2018 च्या डिसेंबरमध्ये हबेई प्रांतातील लांगफांग शहराच्या प्रशासनाने रस्त्यांवरील आणि दुकानांबाहेरील नाताळची सजावट काढून टाकण्याचा आदेश दिला होता, आणि ती बातमी जगभर गाजली. कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांनी किंवा विद्यार्थ्यांनी पाश्चात्त्य सण साजरे करू नयेत अशा सूचनाही अधूनमधून कुठे ना कुठे निघत असतात. परदेशी नागरिकाने आपल्या घरी झाड सजवण्याला किंवा सरकारमान्य चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाण्याला कोणी हरकत घेत नाही. मात्र परदेशी लोकांच्या धार्मिक व्यवहारांसाठी येथे स्वतंत्र नियम आहेत. ते 1994 मध्ये आले आणि त्यांची नवी, अधिक तपशीलवार नियमावली 1 मे 2025 पासून लागू झाली आहे. त्यांचा व्यवहारातला अर्थ एवढाच की चिनी नागरिकांमध्ये धर्मप्रसार करायचा नाही आणि सामूहिक उपासना मान्य जागीच करायची. फक्त परदेशी लोकांसाठी भरणाऱ्या प्रार्थनासभांना दारातच पारपत्र दाखवावे लागते ते यामुळेच. चिनी शेजाऱ्यांना नाताळच्या जेवणाला अवश्य बोलवा, घरातल्या प्रार्थनेला बोलवू नका.

झगमगाटाची मात्र येथे कमतरता नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून शांघायच्या मोठ्या मॉलमध्ये उंचच उंच झाडे उभी राहतात, आणि सांताक्लॉज बऱ्याचदा सॅक्सोफोन वाजवताना दिसतो. त्याच्या हाती हे वाद्य कोणी दिले याचे खात्रीलायक उत्तर मला आजवर एकाही चिनी मित्राकडून मिळालेले नाही. तरुण मंडळी 24 तारखेच्या रात्री एकमेकांना रंगीत कागदात किंवा खोक्यात बांधलेले सफरचंद देतात, कारण त्याच्या चिनी नावाचा उच्चार ‘शांती’च्या शब्दाशी जुळतो. तुमच्या मुलांनाही अशी सफरचंदे मिळतील, ती आनंदाने घ्यावीत. पण त्या तरुणांच्या दृष्टीने ही मित्रांबरोबर जेवायला आणि फोटो काढायला बाहेर पडण्याची रात्र आहे, धर्माशी तिचा संबंध नाही.

सजावटीचे सामान भारतातून आणण्याची तसदी घेऊ नका. शांघायहून वेगवान रेल्वेने दीड-दोन तासांवर असलेल्या ईवू या शहरातून जगातील निम्म्याहून अधिक नाताळ-सजावट जाते, असे चिनी सरकारी वृत्तसंस्थाच सांगते. तेथून स्पेनमधील माद्रिदला जाणारी पहिली मालगाडी 18 नोव्हेंबर 2014 रोजी सुटली आणि सुमारे 13,000 किलोमीटरचा प्रवास करून डिसेंबरमध्ये पोहोचली, तीही नाताळचाच माल घेऊन. ईवूच्या व्यापाऱ्यांचा हंगाम उन्हाळ्यात असतो. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यांचा नाताळ कधीच संपलेला असतो. आपण घरी बसून ताओबाओ या ऑनलाइन बाजारावर मागणी नोंदवली की झाड, माळा, घंटा सारे दोन-तीन दिवसांत दाराशी येते.

आता चर्चविषयी. शांघायमधील श्वीच्याहुई येथील संत इग्नेशियस कॅथेड्रल हे लाल विटांचे, दोन मनोऱ्यांचे गॉथिक चर्च 1910 मध्ये पूर्ण झाले. मातेओ रिची या जेझुइट धर्मगुरूबरोबर युक्लिडची भूमिती चिनीत आणणारे, 1603 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले मिंगकालीन अधिकारी श्वी ग्वांगची यांच्या घराण्यावरून या भागाला नाव पडले आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मनोरे पाडले गेले, चर्चचे कोठार झाले, आणि पुढे मनोरे पुन्हा उभारले गेले. चीनमधील मान्य चर्च सरकारी नियंत्रणाखाली असल्याने येथील मिस्सा वैध आहे का, अशी शंका वसईतले नातेवाईक मला हमखास विचारतात. त्यांना मी सांगतो की बिशपांच्या नेमणुकीबाबत व्हॅटिकन आणि चीन यांच्यात 2018 मध्ये तात्पुरता करार झाला असून ऑक्टोबर 2024 मध्ये तो आणखी चार वर्षांसाठी वाढवण्यात आला आहे.

नाताळच्या आदल्या रात्री या चर्चबाहेर पोलिसांचे कठडे लागतात आणि केवळ कुतूहलापोटी आलेल्या तरुणांची झुंबड उडते. गर्दी आवरण्यासाठी प्रवेशपत्रिका वाटल्या जात असतील तर त्या आधीच मिळवाव्या लागतात, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी चौकशी करून ठेवावी. शहरात इंग्रजी मिस्साही होते, तिच्या वेळा तेव्हाच विचारून घ्या. माझा सल्ला विचाराल तर एकदा तरी चिनी मिस्सेलाच बसा. ती सुरू होण्यापूर्वी पुढच्या बाकांवरच्या जाड कोट घातलेल्या म्हाताऱ्या बायका रोजरी (जपमाळ) हातात धरून प्रार्थना बोलत नाहीत, एका संथ, चढत्या-उतरत्या सुरात गातात. एक बाजू ओळ सुरू करते, दुसरी पुरी करते, पुस्तक कोणाच्याच हातात नसते. ज्या काळात चर्चला कुलूप होते त्या काळातही यातल्या कित्येक जणींनी ही प्रार्थना घरात म्हटली असणार. भाषेचा एक शब्द कळला नाही तरी मिस्सेचा क्रम आपल्याला पाठ असतोच, त्यामुळे आपण कुठेही अडत नाही.

घरी फोन करण्याची व्यवस्था आधी लावून ठेवा, कारण भारतात वीचॅटवर 2020 पासून बंदी आहे आणि चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालते; नाहीतर भारतीय सिमकार्डाचे रोमिंग सुरू ठेवावे. येथील घड्याळ अडीच तास पुढे असल्याने गावची मिस्सा दहाला संपली की आपल्याकडे साडेबारा झालेले असतात, आणि मुले तोवर झोपलेली असतात. आजी-आजोबांशी बोलणे 25 ला सकाळी ठेवलेले बरे.

उरला फराळ. घरे उबदार ठेवणारी सरकारी केंद्रीय तापनव्यवस्था फक्त उत्तर चीनमध्ये आहे आणि शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला येते, त्यामुळे घरातही थंडी बोचते आणि कुलकुल या तळलेल्या गोड पदार्थाचे पीठ इतके घट्ट होते की फणीवर वळताना तुटते. आम्ही परात गरम हवेच्या एसीखाली ठेवतो आणि पीठ ओल्या फडक्याने झाकतो, तेव्हा कुठे त्यावर रेघा नीट उमटतात. दोदोल या नारळ-गुळाच्या मिठाईसाठी हायनानचे नारळाचे दूध आणि युन्नानची तांबूस साखरेची वडी उत्तम चालते, फक्त तांदळाचे पीठ घेताना साधे आणि चिकट अशा दोन जाती असतात त्या पाकिटावर तपासून घ्याव्यात. चिनी घरांत सहसा ओव्हन नसतो, तेव्हा केकसाठी मेजावर मावणारा छोटा घ्या. टर्की खायचीच असेल तर हॉटेले ती भाजून देतात, पण इंद्याल या तिखट-आंबट रश्शासाठी इतके चांगले डुकराचे मांस कोपऱ्यावरच्या मंडईत मिळत असताना त्या फंदात कशाला पडायचे? मांस, अंडी, दूध, लोणी आणि ताजी फळे विमानाने आणण्यास चिनी सीमाशुल्क खात्याची मनाई आहे, म्हणून तूप आणि मिल्क क्रीम ही दुधाची मिठाई बांधून आणू नका. न्यूझीलंडचे बिनमिठाचे लोणी येथे सर्वत्र मिळते, ते कढवून तूप करता येते. येथे शोधूनही मिळत नाही तो फक्त आपल्या वसईकडचा मिश्र बाटली मसाला, तेवढा मात्र भरपूर आणा.