सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयाचा इतिहास काय आहे? एकच दिवस हाताशी असेल तर तिथे काय पाहावं?

दोन प्रश्न विचारलेत, पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं. हर्मिटेजमध्ये तीस लाखांच्या आसपास वस्तू आहेत. काय काय आहे ते बघत नुसतं फिरलं, तर दोन तासांत पाय दुखायला लागतात आणि झुंबरं, सोनेरी छतं आणि चित्रं यांची मनात सरमिसळ होते. कुठलं चित्र कुणाच्या घरातून आलं, कुठलं इथून कायमचं गेलं आणि कुठलं कुणी जिवापाड जपलं, एवढं माहीत असलं की कुठे थांबायचं ते आपलं आपल्याला कळतं. म्हणून आधी इतिहास सांगते.

सुरुवात एका थकलेल्या कर्जातून झाली. बर्लिनचा व्यापारी योहान एर्न्स्ट गोत्झकोव्स्की हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्यासाठी चित्रं जमवत होता. सात वर्षांच्या युद्धात फ्रेडरिकची तिजोरी आटली आणि त्याने खरेदीतून अंग काढून घेतलं. गोत्झकोव्स्की स्वतः रशियाचा देणेकरी होता. त्याने ती चित्रं कर्जापोटी रशियाला देऊ केली आणि १७६४ मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने ती घेतली. दोनशेहून जास्त चित्रं होती. नवऱ्याला पदच्युत करून गादीवर येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. ज्या युद्धखोर राजाचा युरोपभर दबदबा, त्याला न परवडलेली चित्रं आपण घेतो, हे जगाला दाखवण्यात तिला नक्कीच रस होता.

मग तिने थांबायचं नावच घेतलं नाही. एकेक चित्र निवडत बसण्यापेक्षा, सावकाराने भांड्याकुंड्यांसकट घर उचलावं तसे तिने अख्खे संग्रह उचलले. १७६९ मध्ये ड्रेस्डेनच्या काउंट ब्र्यूलचा संग्रह आला. १७७२ मध्ये पॅरिसमधल्या क्रोझा घराण्याचा आला, आणि हा सौदा जुळवून देण्यात तत्त्वज्ञ दिदरोचा हात होता. जोर्जोनेची 'ज्युडिथ' आणि ग्रीक पुराणकथेतल्या राजकन्येवरची रेम्ब्रांची 'डॅनी' याच खरेदीतली. १७७९ मध्ये इंग्लंडचे माजी पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांची हॉटन हॉलमधली दोनशेवर चित्रं त्यांच्या कर्जबाजारी नातवाने विकली. ही चित्रं देशासाठी विकत घ्यावीत असं खासदार जॉन विल्क्सने दोन वर्षं आधी ब्रिटिश संसदेत सुचवलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. पॅरिस आणि लंडनच्या कलारसिकांनी या दोन्ही वेळी पुष्कळ आरडाओरडा केला. मला त्यांचं दुःख समजतं, पण विकणारे त्यांचेच होते.

सगळंच काही सुखरूप पोचलं नाही. ॲमस्टरडॅमच्या लिलावात कॅथरीनसाठी घेतलेली डच चित्रं घेऊन निघालेलं 'फ्राउ मारिया' हे जहाज १७७१ मध्ये फिनलंडच्या किनाऱ्याजवळ बुडालं. जहाजाचा सांगाडा १९९९ मध्ये सापडला, अजूनही तो समुद्राच्या तळाशीच आहे.

इमारतींचं थोडक्यात सांगते. नेवा नदीकाठचा हिवाळी राजवाडा वास्तुकार रास्त्रेल्लीने कॅथरीनच्या आधीच्या एलिझाबेथ सम्राज्ञीसाठी बांधला. चित्रं वाढत गेली तशी त्याला चिकटून एकेक इमारत उभी राहिली. डिसेंबर १८३७ मध्ये राजवाड्याला भीषण आग लागली, तेव्हा शेजारच्या हर्मिटेजकडे जाणारे सज्जे तोडले आणि दारं विटांनी बुजवली, म्हणून चित्रं वाचली. १८५२ मध्ये निकोलस पहिल्याने 'नवं हर्मिटेज' लोकांसाठी खुलं केलं. त्याचा आराखडा म्यूनिकच्या लेओ फॉन क्लेंझचा. दारावरचे ग्रॅनाइटचे ते दहा प्रचंड पुरुष तुम्ही फोटोत पाहिले असतील, ते याच इमारतीचे. आत तळमजल्यावर सैबेरियातल्या हिरव्या जास्परचं कोलिव्हान पात्र आहे, वजन १९ टन. भिंती पूर्ण व्हायच्या आधीच ते आत आणून बसवलं. आज ते बाहेर काढायचं म्हटलं तरी दारातून निघणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त सलणारा भाग. १९१७ च्या क्रांतीनंतर राजवाडा आणि संग्रह सरकारजमा झाले, सरदारांचे जप्त केलेले खासगी संग्रहही इथे आले. पण १९२८ पासून सोव्हिएत सरकारला यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन हवं होतं आणि चित्रं गुपचूप विकायला काढली गेली. तेलसम्राट गुल्बेंकियनने काही उचलली. अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी १९३०-३१ मध्ये २१ चित्रं घेतली, साडेसहासष्ट लाख डॉलरच्या आसपास किंमत देऊन. यान व्हॅन आइकचं 'अनन्सिएशन', राफाएलची 'आल्बा मॅडोना', बोतिचेल्लीचं एक, तिशियनचं एक. आज ती सगळी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. दीडशे वर्षांत जे जमलं त्यातलं वेचक काही वर्षांत गेलं. हर्मिटेजमध्ये व्हॅन आइकचं एकही चित्र आज नाही.

ही गळती थांबवायला एक माणूस उभा राहिला: योसिफ ऑर्बेली, पौर्वात्य विभागाचा प्रमुख. विक्रीवाल्यांची नजर इराणच्या इस्लामपूर्व ससानी काळातल्या चांदीच्या भांड्यांवर गेली, तेव्हा त्याने १९३२ मध्ये थेट स्टालिनला पत्र लिहिलं. त्या काळात असं पत्र लिहिणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. उत्तर आलं, आणि पौर्वात्य विभाग वाचला. १९३४ मध्ये ऑर्बेली संग्रहालयाचा संचालक झाला आणि सात वर्षांनी त्याच्यावर याहून मोठी वेळ आली.

२२ जून १९४१ ला जर्मनीने रशियावर हल्ला केला. ऑर्बेलीने खोकी आधीच तयार करून ठेवली होती. प्रत्येक खोक्यात कुठली वस्तू जाणार तेही ठरलेलं होतं. त्या रात्रीपासून सगळे कर्मचारी, त्यांच्या मदतीला कलावंत, विद्यार्थी, खलाशी, दिवसरात्र बांधाबांध करत राहिले. सतत वाकून काम केल्यामुळे लोकांच्या नाकातून रक्त यायचं, तरी डोकं जरा मागे टेकवून ते परत कामाला लागायचे. लहान चित्रं कप्प्याकप्प्यांच्या खोक्यांत, मोठे कॅनव्हास रुळांवर गुंडाळून, बायबलमधल्या गोष्टीवरच्या रेम्ब्रांच्या 'उधळ्या मुलाचं पुनरागमन' या चित्राला मात्र स्वतंत्र खोकं. १ जुलैला पहिली गाडी सुटली, २० जुलैला दुसरी. दोन्ही मिळून अकरा लाखांहून अधिक वस्तू उरल पर्वताकडच्या स्व्हेर्दलोव्स्कला पोचल्या. तिसऱ्या गाडीचं सामान बांधून तयार होतं, पण तोवर लोहमार्ग तुटला होता. सप्टेंबरात लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) वेढा पडला आणि तो जानेवारी १९४४ पर्यंत उठला नाही.

चित्रं काढून नेली, पण चौकटी जागच्या जागी टांगून ठेवायच्या, असा ऑर्बेलीचा हुकूम होता. परत आल्यावर प्रत्येक चित्राची जागा ठरलेली असावी म्हणून. त्या पहिल्या हिवाळ्यात तळघरांत सुमारे दोन हजार माणसं राहत होती, त्यात विद्वान, चित्रकार, त्यांची मुलंबाळं. फर्निचरच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला सरस उकळून आणि रंगकामाचं जवसाचं तेल वापरून लोकांनी दिवस काढले. वीज गेली तेव्हा नेवा नदीत बर्फात अडकलेल्या 'पोल्यार्नाया झ्वेझ्दा' या जहाजावरून तार ओढून काही खोल्यांत उजेड केला. आणि अशा दिवसांत, १० डिसेंबर १९४१ ला, या लोकांनी मध्य आशियाचा कवी अलीशेर नवाई याची पाचशेवी जयंती साजरी केली. त्याच्या कवितांचा अनुवादक इतका अशक्त झाला होता की त्याने बसूनच वाचन केलं. त्यानंतर काही दिवसांतच तो गेला. हे मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा मला पुढे वाचवत नाही.

वेढ्याच्या काळात इमारतींवर तीसेक तोफगोळे आणि दोन बॉम्ब पडले. फुटक्या खिडक्यांमधून बर्फ आत आलं, लाकडी जमिनी फुगल्या. १९४२ च्या वसंतात सैबेरियातून आलेले कॅडेट सफाईला आणि सामान हलवायला मदतीला आले. त्यांचे आभार मानायचे म्हणून पाव्हेल गुब्चेव्स्की या कर्मचाऱ्याने त्यांना संग्रहालय दाखवलं. रिकाम्या चौकटींसमोर उभं राहून, इथे रेम्ब्रांचं हे चित्र होतं, त्यात म्हाताऱ्या बापाचे हात असे आहेत, उजेड इथून पडतो, असं आठवणीतून. आधी कधी संग्रहालयात पाऊल न ठेवलेली पोरं ते ऐकत होती. कॅथरीनच्या लटकत्या बागेत त्या वर्षी कोबी आणि गाजरं लावली होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये संग्रह परत आला आणि नोव्हेंबरात दालनं उघडली.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी, नाहीतर उत्तर एकांगी होईल. युद्ध संपल्यावर सोव्हिएत फौजांनी जर्मनीतून कलावस्तू आणल्या. पर्गामॉनची प्राचीन ग्रीक वेदी काही वर्षं हर्मिटेजमध्ये होती, ती १९५८ मध्ये बर्लिनला परत गेली. पण जर्मन खासगी संग्रहांतली बरीच फ्रेंच चित्रं कोठारात दडवलेली राहिली आणि १९९५ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. देगाचं 'प्लास द ला काँकॉर्द' त्यातलंच. मालकीचा वाद मिटलेला नाही. मला ती चित्रं पाहताना आनंदही होतो आणि अवघडायलाही होतं.

आता तुमचा दिवस. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तो वार टाळा. दार उघडताच आत जा आणि बाकी सगळं सोडून आधी रेम्ब्रांच्या दालनात जा, गर्दी व्हायच्या आत. 'उधळ्या मुलाचं पुनरागमन' हे माणसाहून उंच चित्र आहे. मुलाच्या फाटक्या चपलेपासून बघत वर बापाच्या हातांपर्यंत या. त्याच दालनात 'डॅनी' आहे. १५ जून १९८५ ला एका माणसाने तिच्यावर चाकूचे वार करून गंधकाम्ल फेकलं, रंग अक्षरशः ओघळून खाली आले. संवर्धकांनी बारा वर्षं काम करून १९९७ मध्ये ती परत लावली. जिथे रंग कायमचा गेला तिथे त्यांनी नवीन रेम्ब्रां रंगवण्याचा मोह टाळला, जे उरलं ते स्थिर केलं आणि नजरेला खड्डे टोचणार नाहीत एवढंच भरलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

लिओनार्दोच्या दोन मॅडोना बघाच. 'बेनुआ मॅडोना' जास्त निवांत पाहा, त्यातली आई स्वतःच अजून मुलगी आहे आणि बाळ फुलाकडे ज्या एकाग्रतेने बघतंय ती फार खरी आहे. हे चित्र १९१४ मध्ये बेनुआ कुटुंबाकडून दीड लाख रूबलला, हप्त्यांनी घेतलं.

मग तळमजल्यावर उतरा, कारण बहुतेक पर्यटक तिथे जातच नाहीत. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यात १९४९ मध्ये सर्गेई रुदेन्को यांना सापडलेला लोकरी गालिचा तिथे आहे. जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वीचा, एकेक गाठ मारून विणलेला. थडगं चोरांनी फोडलं, त्यातून पाणी शिरलं, त्याचं बर्फ झालं आणि त्या बर्फानेच हा गालिचा टिकवला. घोडेस्वारांची आणि हरणांची रांग आजही स्पष्ट दिसते.

दुपारनंतर राजवाड्यासमोरचा चौक ओलांडून जनरल स्टाफच्या इमारतीत जा. मातिसचं 'नृत्य' तिथे वरच्या मजल्यावर आहे. मॉस्कोचे व्यापारी शुकिन यांनी आपल्या घराच्या जिन्यासाठी ते करून घेतलं होतं. शुकिन आणि मोरोझोव्ह या दोघांचे संग्रह क्रांतीनंतर सरकारजमा झाले, १९४८ मध्ये मॉस्कोतलं त्यांचं संग्रहालय 'बूर्झ्वा' म्हणून बंद केलं आणि चित्रं दोन शहरांत वाटून टाकली. म्हणून मातिस आणि पिकासो इथे इतके भरभरून आहेत.

आणि थोडा वेळ, थोडे जास्त पैसे असतील तर खजिन्याच्या दालनांचं वेगळं तिकीट काढा, मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. सिथियन या प्राचीन भटक्या लोकांचं सोनं तिथे आहे, सोलोखाच्या थडग्यातला लढवय्यांचा सोन्याचा कंगवा तर हातभर अंतरावरून दिसतो. पण आपल्यासाठी तिथे आणखी काही आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांचा वसईला वेढा चालू होता त्याच वसंतात नादिरशहाने दिल्ली लुटली. त्या लुटीतला काही भाग त्याने १७४१ मध्ये हत्तींसकट वकिलात पाठवून रशियाच्या दरबाराला नजर केला. माणकं-पाचू जडवलेली ती मुघल भांडी इथे आहेत, आणि शहाजहानची बिरुदावली कोरलेली तिरंदाजीची अंगठीही. दिल्लीत किंवा लंडनमध्ये मुघल दागिने पाहिलेल्या माणसालाही इथली कारागिरी नवी वाटेल. ही तिकिटं लवकर संपतात, तेव्हा तिकीट काढण्याचं काम सकाळी रेम्ब्रांकडे जाण्याआधीच उरकून घ्या.