गरोदरपणात बीपी वाढणार हे तिसऱ्या महिन्यातच रक्तावरून कळतं का?

भाऊ, वहिनींचं बीपी या खेपेलाही वाढेल का हे आधीच कळावं म्हणून लॅबने सुचवलेलं ‘मेटाबॉलिक प्रोफाइल’ करावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी सरळ उत्तर देते: ते करू नका. जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे. युरिक अ‍ॅसिड, लिपिड (रक्तातली चरबी), फास्टिंग इन्सुलिन या त्यातल्या तपासण्या माझ्याकडे रोज होतात, तरीही हेच सांगते.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात वहिनींचं बीपी चढलं, लघवीत प्रोटीन आलं आणि बाळ वेळेआधी काढावं लागलं. याच आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. एवढ्या एका माहितीवरच या वेळी त्या जास्त जोखमीच्या गटात बसतात. प्रोफाइलचे आकडे चांगले आले म्हणून कोणी त्यांना त्या गटातून बाहेर काढणार नाही, आणि वाईट आले तरी उपचार तोच राहणार. ज्या रिपोर्टने पुढचं काहीच बदलत नाही त्याला पैसे घालण्यापेक्षा ते चांगल्या बीपी मशीनला घाला.

आता तिसरा महिना चालू आहे, म्हणजे वेळ हातात आहे. तुमच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जा आणि स्पष्ट विचारा: “पहिल्या वेळी बीपी होतं, अ‍ॅस्पिरिन सुरू करायची का?” कमी मात्रेची ही गोळी 16 आठवड्यांच्या आत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग होतो. 2017 मध्ये आलेल्या ‘अ‍ॅस्प्रे’ नावाच्या मोठ्या चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांना 11 ते 14 आठवड्यांपासून 36 आठवड्यांपर्यंत रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली. 37 आठवड्यांच्या आत येणारा प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे नेमका वहिनींना झाला तो प्रकार, औषध नसलेली नुसती गोळी दिलेल्या गटात 4.3 टक्के होता, तो अ‍ॅस्पिरिनच्या गटात 1.6 टक्क्यांवर आला. मात्र मेडिकलवरून स्वतःच्या मनाने आणू नका. अ‍ॅस्पिरिनने दमा उसळत असेल, पोटात अल्सर असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर ती चालत नाही. मात्राही डॉक्टरच ठरवतील. घरात कोणी म्हणेलच, “रक्त पातळ करायची गोळी गरोदर बाईला कशाला?” त्यांना वरचे आकडे सांगा.

प्रोफाइलबद्दल मी इतकी ठाम का, तेही सांगते. या आजाराचं मूळ वारेत (प्लासेंटात) असतं. पहिल्या चार-पाच महिन्यांत गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला भरपूर रक्त मिळायला हवं. ते नीट झालं नाही की वारेतून काही घटक आईच्या रक्तात जास्त सुटतात, काही कमी पडतात, आणि 20 आठवड्यांनंतर कधीतरी त्याचा परिणाम बीपीवर, मूत्रपिंडावर, यकृतावर दिसू लागतो. बीपी 140/90 दिसतं तेव्हा बिघाड होऊन कित्येक आठवडे लोटलेले असतात. म्हणून लवकर ओळखायची धडपड चालू आहे, आणि ती योग्यच आहे.

पण युरिक अ‍ॅसिड त्या कामाचं नाही. निरोगी गरोदरपणात सुरुवातीला ते उलट कमी होतं, कारण मूत्रपिंडं जास्त काम करतात. प्रीएक्लॅम्पसिया झाल्यावर मूत्रपिंड ते नीट बाहेर टाकत नाही, मग ते चढतं. म्हणजे आजार आल्यावर ते बोलतं, तिसऱ्या महिन्यात फारसं काही सांगत नाही. लिपिडमधल्या ट्रायग्लिसराइडचं तर विचारू नका. गरोदरपणात ते आपोआपच वाढतं, शेवटच्या महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतं, आणि रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज मात्र गरोदर नसलेल्यांची असते. त्यामुळे ‘हाय’ असं ठळक छापून येतं आणि घर घाबरतं. त्यात आपल्याकडे बाई तालुक्याला यायची म्हणजे पहाटेची एसटी. कोणी रिकाम्या पोटी पाठवत नाही. नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचं सीरम पिवळसर पारदर्शक असायला हवं, ते ताकासारखं पांढरट दिसतं, आणि विचारल्यावर कळतं की निघताना शिरा खाऊन आली आहे. अशा नमुन्यावरून सहा महिन्यांनंतरच्या बीपीचं भाकीत करायचं?

लठ्ठपणा, आधीपासूनची शुगर, इन्सुलिनला शरीर दाद न देणं यांचा या आजाराशी संबंध आहे, हे खरं. म्हणून वजन, उंची आणि शुगर तपासायचीच. ती तशीही सगळ्या गरोदर बायकांची होते.

संशोधनात ‘मेटाबोलोमिक्स’ म्हणून वेगळी शाखा आहे. तिथे मास स्पेक्ट्रोमीटरवर रक्तातले शेकडो बारीक रेणू एकदम मोजतात. 2010 मध्ये आयर्लंडच्या लुईस केनी आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींच्या 15 आठवड्यांच्या रक्तातून 14 रेणूंचा एक संच मांडला होता आणि त्याचे निकाल फार आशादायक होते. तरी आज रोजच्या तपासणीत तो नाही, आणि तुमच्या लॅबच्या प्रोफाइलमध्ये त्यातलं काहीही नाही. पहिलटकरणीकडे मागचा इतिहास नसतो, म्हणून अशा तपासणीची खरी गरज तिला आहे. हे काम पुढे जावं असं मला मनापासून वाटतं.

आज जे सिद्ध झालंय ते असं: 11 ते 13 आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी आईची माहिती, नीट मोजलेलं बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचं डॉप्लर (सोनोग्राफीवरच रक्ताचा प्रवाह पाहणं) आणि रक्तातलं ‘पीएलजीएफ’ (वारेतून येणारं एक प्रोटीन) हे चारही एकत्र धरायचे. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनची ही पद्धत आहे. 10 टक्के बायकांना उगाच धोक्यात धरायची तयारी ठेवली तर वेळेआधी येणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाच्या चारपैकी साधारण तिघी ती आधीच पकडते; नऊ महिने भरल्यावर येणाऱ्या प्रकारात मात्र बरीच कमी पडते. पीएलजीएफसाठी आमच्याकडून नमुना बर्फात घालून मुंबईला जातो. डॉक्टरांनी सुचवलं तर जरूर करा, पण रिपोर्ट येईपर्यंत अ‍ॅस्पिरिनचा निर्णय थांबवू नका.

या चारांतलं बीपी तुम्ही घरीच मोजू शकता. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या उंचीला ठेवून मोजायचं, आणि तारीख टाकून वहीत लिहायचं. उन्हातून चालत आल्या आल्या मोजलेलं बीपी धरू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत असते, तीही चुकवू नका. तिथे लघवीतलं प्रोटीन पट्टीवर पाहतात. पट्ट्या संपल्या असतील तर जुनी पद्धतही चालते: नळीतल्या लघवीचा वरचा भाग तापवायचा, गढूळ झाला तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर ते फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन.

कॅल्शियमची गोळी चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात मिळते, दिवसातून दोनदा. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. आणि तुम्ही सातपुड्याच्या पट्ट्यातले असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे ना, ते बघा. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला गरोदरपणात बीपीचा धोका जास्त असतो, आणि आपल्या भागात हा आजार भरपूर आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं म्हणालात. तिथली फाइल मागवा. बीपी नेमकं कितव्या आठवड्यात चढलं, बाळाचं वजन किती होतं, हे डॉक्टरांना कोणत्याही प्रोफाइलपेक्षा जास्त सांगेल. या वेळीही सातव्या महिन्यात माहेरी जाणार असतील तर वही आणि कार्ड बरोबर द्या.

आईंनी मीठ बंद केलंय, ते पुन्हा सुरू करा. मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळतो असं दिसलेलं नाही. भाकरी, भरीत, डाळ, दूध सगळं नेहमीसारखं चालू द्या.

पाचव्या महिन्यानंतर डोकं न थांबता दुखलं, डोळ्यांसमोर ठिपके किंवा अंधारी आली, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, चेहरा-हात अचानक सुजले किंवा बीपी 140/90 च्या वर गेलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. 160/110 असेल तर थेट 108 ला फोन करून धुळ्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हीच लक्षणं तितकीच धोक्याची असतात, म्हणून डिस्चार्ज झाल्यावर पहिले दहा-बारा दिवस बीपी रोज मोजा.