अकाउंट्समध्ये नवीन आहेस? मग आधी एवढंच कर

पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांचीच तारांबळ उडते, घाबरू नकोस. एका वेळी एकच काम धरून ठेवणं सवयीनेच जमतं.

- टॅली आणि एक्सेल सोडून बाकी सगळं बंद. मोबाइल पालथा ठेवून भागत नाही, ड्रॉवरमध्येच टाक.
- २५ मिनिटांचा टायमर लाव, मग ५ मिनिटं उठ. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर ही पद्धत बसवली.
- मध्येच काही आठवलं तर वहीत एक ओळ लिही, लगेच करायला धावू नकोस.

नवीन मुलं हमखास फसतात ती जागा सांगतो. १४ तारखेला जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आलं की आपली बिलं त्याच्याशी जुळवायला बसतात. अर्ध्यात कुणीतरी म्हणतं, "जरा ते व्हाउचर बघ ना." परत आल्यावर कुठवर टिक केलंय तेच आठवत नाही, आणि एखादं बिल दोनदा धरलं जातं. म्हणून उठण्याआधी शेवटच्या ओळीला पिवळा रंग दे. त्याहून बरं, "एवढं संपवून दहा मिनिटांत येतो" असं सांग. साहेबांनाही चालतं, खरंच.

अ‍ॅप वगैरे सध्या नकोत. उद्या सकाळचा पहिला तास असा करून बघ आणि कळव.