दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त ऑक्सफर्डला असतो. मेच्या मध्यावर आम्ही उभयता दीड महिन्यासाठी त्याच्याकडे जाणार आहोत. शहरे मागच्या खेपेस पाहून झाली; या वेळी तिथली खेडी आणि राने पायी हिंडावीत अशी फार इच्छा आहे. माझे वय ६४, यजमानांचे ६९. इंदूरला आम्ही रोज सकाळी नेहरू पार्कात तासभर फिरतो आणि मागच्या थंडीत रालामंडलची टेकडीही चढून आलो, मात्र उतरताना माझे गुडघे दुखतात. मुलगा सांगतो की तिकडच्या वाटा सरळ लोकांच्या शेतांतून जातात. कुणाच्या शेतात असे शिरणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि कुणी हटकले तर परक्या मुलखात काय उत्तर द्यावे तेही सुचत नाही. आम्हाला झेपतील अशा वाटा कोणत्या, आणि तयारी काय करावी?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, आपला संकोच मला चांगला समजतो. पहिल्यांदा तिथे चालायला गेले तेव्हा एका शेताच्या फाटकापाशी मी वीस मिनिटे उभी राहिले होते, कारण आत पाऊल टाकण्यापूर्वी मालकाला विचारावे असे वाटत होते आणि विचारायला कुणी दिसत नव्हते. शेवटी कुत्र्याला घेऊन आलेल्या एका वृद्ध बाईंनी फाटकाच्या खांबावरचा पिवळा बाण दाखवला आणि त्या आत निघून गेल्या. त्या बाणाचा अर्थ कळला की इंग्लंडच्या खेड्यांत चालण्याची निम्मी भीती जाते, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते.

आपल्या भाषेत यासाठी 'वहिवाट' हा नेमका शब्द आहे. शेत मालकाचे असले तरी त्यातून जाणाऱ्या पायवाटेवर चालण्याचा हक्क सर्वांचा असतो, आणि तो मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. १९४९ च्या कायद्याने तिथल्या काउंटी कौन्सिलांवर अशा वाटा शोधून नकाशावर नोंदवण्याची जबाबदारी टाकली. इंग्लंड आणि वेल्स मिळून आज सुमारे १,४०,००० मैल, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा नोंदलेल्या आहेत. लोक एखाद्या वाटेने उघडपणे, परवानगी न मागता, अखंड २० वर्षे ये-जा करीत आले असतील आणि वाट सर्वांना खुली करण्याचा आपला हेतू नसल्याचे मालकाने दाखवून दिले नसेल, तर ती वाट त्याने सर्वांसाठी अर्पण केली असे मानण्याची तरतूद १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये आहे. आपल्याकडच्या १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्येही वहिवाटीची मुदत २० वर्षांचीच आहे, पण तिथला हक्क बहुधा शेजारच्या जमिनीच्या मालकापुरता असतो; इंग्लंडमधली वाट मात्र सुदामा नगरातून आलेल्या पाहुण्यांचीही तितकीच असते. नर्मदा परिक्रमेत शेतकरी श्रद्धेने वाट देतो, तिथे ती कायद्याने मिळते. चालणाऱ्याने बांध सांभाळून जावे ही अपेक्षा मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

तेव्हा आपणांस कुणी हटकण्याचे कारण नाही. उलट, शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली गेली तर साधारणपणे १४ दिवसांच्या आत ती किमान एक मीटर रुंद मोकळी करून देणे शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. आपल्या माळव्यात गहू चैत्रातच घरात आलेला असतो. तिथे मे महिन्यात तो हिरवागार उभा असतो आणि त्यातून भांगासारखी एक सरळ रेघ गेलेली दिसते. त्या रेघेवरूनच एकामागे एक चालावे. पीक तुडवले जाईल या भीतीने कडेकडेने वळसा घालणे सभ्यपणाचे वाटते खरे, पण वाट सोडली की आपला हक्कही सुटतो, कारण तो केवळ त्या वाटेपुरता असतो.

पिवळा बाण पायी चालणाऱ्यांच्या वाटेचा आणि निळा बाण घोडेस्वार व सायकलस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेचा. मुलाला ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्स्प्लोरर मालिकेतला, नारिंगी वेष्टनाचा कागदी नकाशा घेऊन ठेवायला सांगा. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि हिरव्या तुटक रेघा म्हणजे या वाटा. मोबाइल जवळ असावाच, पण झाडीत आणि दरीत त्याची रेंज अनेकदा जाते.

आपल्या गुडघ्यांचा विचार करता चढापेक्षा 'स्टाइल' अधिक त्रासाची ठरेल. जनावरे बाहेर पडू नयेत पण माणसाला जाता यावे म्हणून कुंपणाला लावलेल्या या लाकडी पायऱ्या. त्यांवर चढून, पाय पलीकडे टाकून उतरावे लागते. एखादी पार करता येईल, पण एका फेरीत अशा आठ-दहा आल्या तर पाय भरून येतात. म्हणून स्टाइल नसलेल्या, फाटकांच्या वाटा निवडा.

अशी पहिली वाट मी बोर्टन-ऑन-द-वॉटर ते लोअर स्लॉटर ही सुचवीन. कॉट्सवोल्ड्स भागातली ही दोन खेडी जेमतेम अडीच किलोमीटर अंतरावर आहेत आणि मधली वाट जवळजवळ सपाट आहे. 'स्लॉटर' या नावाने दचकू नये. त्याचा कत्तलीशी संबंध नसून दलदलीच्या, चिखलाच्या जागेसाठी असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दापासून ते आले आहे. आपल्या डोळ्यांना माळव्याच्या काळ्या दगडाची सवय. तिथली घरे मधाच्या रंगाच्या चुनखडकाची, आणि गावातून आय नावाची लहानशी नदी वाहते. पाय साथ देत असतील तर आणखी दीडेक किलोमीटरवर अपर स्लॉटर आहे. दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेली ज्याची सारी माणसे जिवंत परतली, अशा मोजक्या गावांपैकी ते एक आहे. बोर्टनला सुटीच्या दिवशी फार गर्दी होते, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी लवकर निघावे.

रान पाहायचे तर फॅरिंग्डनजवळच्या बॅडबरी क्लम्पला पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जा. बीचच्या झाडांखाली तिथे ब्लूबेलचा निळा गालिचा पसरतो, पण तो मेच्या मध्यानंतर विरू लागतो. आपल्याकडे पळस पाने गाळून फुलतो. ब्लूबेल मात्र वरच्या झाडांची पालवी दाट होऊन जमिनीवरचा उजेड अडवण्याच्या आत फुलून घेते, म्हणून तिचे दिवस इतके थोडे असतात. फोटोसाठी फुलांत पाऊल टाकू नका. पाने तुडवली गेली की कंदाला पोसणारे काही उरत नाही. जवळच्या ग्रेट कॉक्सवेल गावात तेराव्या शतकातले दगडी धान्यकोठार आहे. त्याच्या आत उभे राहून ओकच्या तुळयांकडे वर पाहण्यासाठी तरी तिथे जाच.

नेहरू पार्कातले कॅनव्हासचे बूट तिथे उपयोगाचे नाहीत. मेमध्येही चिखल असतो, त्यामुळे पाणी न शिरणारे, खाचदार तळाचे बूट घ्या. खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल वाटेच्या कडेला दाट वाढते आणि गवतातल्या गोचिडींमुळे लाइम रोगाची भीती असते, म्हणून पाय पूर्ण झाकलेले असावेत आणि घरी आल्यावर ते तपासावेत. फाटक जसे सापडेल तसेच ठेवून पुढे जावे, म्हणजे बंद असेल तर बंद आणि उघडे असेल तर उघडे. वासरू असलेल्या गायींपासून दूर राहा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. संध्याकाळची घाई करू नका, कारण जूनमध्ये ऑक्सफर्डला सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो.

प्रश्न : वरीलप्रमाणेच आमचाही बेत आहे, पण आमच्याकडे गाडी नसेल. रेल्वेने जाऊन अशा वाटा चालता येतील का?
— एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : निश्चित येतील. ऑक्सफर्डहून मोरटन-इन-मार्शपर्यंत रेल्वे आहे आणि तिथून बोर्टनला बस मिळते. केंब्रिजला जाणार असाल तर कॅम नदीच्या काठाने ग्रँटचेस्टर खेड्यापर्यंतची कुरणातली वाट सपाट आहे आणि पोहोचल्यावर चहाची सोयही आहे. लंडनच्या मेरिलबोन स्थानकावरून वेंडोव्हरलाही जाता येते. तिथे बीचची राने गावाला लागूनच आहेत, पण २६० मीटर उंचीच्या कूम हिलचा चढ अंगावर येणारा आहे, तो गुडघे बळकट असतील तरच धरावा. खेड्यांकडच्या बस रविवारी फार कमी असतात, काही मार्गांवर नसतातच, म्हणून परतीच्या बसची वेळ निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी.