पोकरमधली पहिली कमाई किती खरी धरायची? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. इथे ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. पाच-दहा सेंटच्या टेबलवर 50 डॉलर भरून सुरुवात केली. साधारण 4,000 डाव झाले आणि खात्यात 130 डॉलर आहेत. आता वरच्या टेबलवर जाऊ का?

इतक्यात नको. तुमच्या टेबलवर बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायची रक्कम) 10 डॉलरचा, म्हणजे 100 बिग ब्लाइंडचा (बिग ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम, इथे 10 सेंट). तुम्ही आठ बाय-इन पुढे आहात. आकडा छान आहे, पण तो तुमच्या खेळाबद्दल फारसं सांगत नाही. नो-लिमिट होल्डेममध्ये (हातात दोन पानं, टेबलवर पाच सामाईक पानं आणि पैसे लावायला मर्यादा नाही, असा पोकरचा प्रकार) दर 100 डावांमागे निकाल केवळ पानांच्या जोरावर 90 बिग ब्लाइंडच्या आसपास वर-खाली होतो. 4,000 डावांत हा हेलकावा पावणेसहा बाय-इनच्या घरात जातो. टेबलवरच्या इतरांइतकंच येणारे शंभर नवखे बसवले, तर त्यातले सात-आठ जण निव्वळ पानं बरी पडली म्हणून तुमच्याइतके पुढे असतील. साइट प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) रेक, म्हणजे आपला वाटा, कापते, तो धरला तर त्याहून कमी, पण असतातच. मला पत्रं येतात ती बहुतेक याच मंडळींची. बाकीचे खातं बंद करून गप्प बसलेले असतात.

आता उलट बाजूने बघा. समजा तुम्ही खरोखर चांगले आहात, दर 100 डावांमागे पाच बिग ब्लाइंड मिळवण्याइतके. 10,000 डावांत अपेक्षित कमाई 50 डॉलर आणि हेलकावा 90 डॉलरचा. म्हणजे असा चांगला खेळाडूसुद्धा 10,000 डावांनंतर दहापैकी तीन वेळा तोट्यात दिसेल! म्हणून मी नवख्यांना परोपरीने सांगते, पहिल्या महिन्यांत खात्यातल्या रकमेवरून स्वतःला जोखू नका. जिंकलात तरी नको आणि हरलात तरी नको. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या जागतिक पोकर स्पर्धेला पोहोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्या मुख्य स्पर्धेत 839 खेळाडू होते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढच्या, 10-25 सेंटच्या टेबलवर बाय-इन 25 डॉलरचा. निदान तीस बाय-इन हाताशी हवेत, म्हणजे 750 डॉलर. तोवर डावांच्या नोंदी साइटवरून उतरवून घ्या आणि आठवड्यातून एकदा मोठे जिंकलेले डाव तपासा. हरलेले डाव माणूस आपणहून आठवत बसतो. जिंकलेल्या डावातली चूक मात्र तशीच राहते, कारण तो डाव कुणी पुन्हा उघडत नाही.

प्रश्न : मी फुकटच्या चिप्सवर शिकतोय. एक्क्यांची जोडी आली की हमखास हरतो. अ‍ॅपमध्ये काही गडबड असेल का? (नाशिक)

गडबड बहुधा तुमच्या बेटमध्ये, म्हणजे तुम्ही किती चिप्स लावता त्यात आहे. एक्क्यांची जोडी समोर एकच जण असेल तर 85 टक्के वेळा जिंकते. चौघांना आत येऊ दिलंत तर हेच प्रमाण 56 टक्क्यांवर येतं. जोडी लपवायची म्हणून नुसता कॉल करायचा (समोरच्याइतकंच घालायचं, वाढवायचं नाही) आणि अख्खं टेबल आत घ्यायचं, ही नवख्यांची नेहमीची सवय.

पुढचा टप्पाही बघू. फ्लॉपवर (टेबलवर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांत) किलवर नव्वी, किलवर अठ्ठी, चौकट चव्वी. पॉटमध्ये 40 चिप्स. समोरच्याकडे दोन किलवर आहेत आणि तुमच्याकडे एकही नाही. त्याला न दिसलेली 47 पानं, त्यातली नऊ किलवर. म्हणजे पुढच्याच पानावर फ्लश (इथे पाच किलवर) लागायची शक्यता 19 टक्के. तुम्ही घाबरत 5 चिप्स लावता. त्याला 45 मिळवायला 5 घालायचे आहेत, म्हणजे एकूण 50 मधले 5 त्याचे, तेव्हा 10 टक्के शक्यताही त्याला पुरते. त्याने कॉल केला तर तो बरोबरच खेळला. 30 लावले असते तर एकूण 100 मधले 30 त्याचे, म्हणून त्याला 30 टक्के शक्यता लागली असती, आणि त्या पानापुरती ती त्याच्याकडे नाही. मग कॉल करूनही कधीकधी तो जिंकेलच. तो डाव तुम्ही नीट खेळलात असंच समजा. कागद घेऊन हा एक हिशोब वेगवेगळ्या बेट धरून करून बघा. पोकर शिकण्यातला मोठा भाग यात येतो.

प्रश्न : ऑगस्ट 2025 पर्यंत अ‍ॅपवर पैसे लावून खेळत होतो, एकूण तोटाच झाला. तो पगारातून वजा करता येईल का? आता टेलिग्रामवर एक जण परदेशी साइटचं खातं काढून देतो म्हणतोय. (पुणे)

वजा करता येणार नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येणार नाही. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर. तोटा मात्र आपला आपल्याकडे.

टेलिग्रामवाल्याला ब्लॉक करा. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशात बंद झाले. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. खेळ चालवणारा, जाहिरात करणारा आणि पैशांची देवघेव करून देणारा यांना आहे. पण तुमचा धोका वेगळा आहे. असे लोक पैसे कुणा तिऱ्हाइताच्या यूपीआयवर घेतात. ते खातं फसवणुकीच्या तपासात सापडलं की साखळीतली इतर खातीही गोठतात. जिंकलेली रक्कम मिळालीच नाही तर दाद कुणाकडे मागणार? आधीच पैसे दिले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

प्रश्न : पणजीत कॅसिनोच्या टेबलवर खेळलो तर शिकणं लवकर होईल का?

उलट हळू होईल. समोरासमोरच्या टेबलवर तासाला 25-30 डाव होतात, ऑनलाइन एका टेबलवर त्याच्या दुप्पट तरी. एका रात्रीच्या निकालावरून काहीच ठरत नाही. हौस म्हणून जायचं तर गेले तरी चालतील एवढेच पैसे न्या आणि कार्ड हॉटेलवर ठेवा.

प्रश्न : धाकटा भाऊ सुरुवातीला जिंकत होता. आता रात्ररात्र खेळतो, दोन हप्ते थकलेत, मित्रांकडूनही उसने घेतलेत. 'एकदा वसूल झाले की सोडतो' म्हणतो. त्याला पैसे देऊ का? (कोल्हापूर)

ताई, त्याच्या हातात रोख देऊ नका. वसूल करायला बसलेला माणूस मोठ्या बेट लावतो आणि एरवी टाकली असती ती पानं खेळतो. त्या अवस्थेत मुरलेला खेळाडूही हरतो. तो खोटं बोलत नसेल, त्याला खरंच तसं वाटत असेल. म्हणूनच भांडून उपयोग होत नाही.

दिवसाउजेडी, जेवण झाल्यावर, त्याच्याजवळ बसा आणि कुणाचे किती देणे आहे ते सगळं लिहून काढा. रागावू नका, रागावलात तर एखादं कर्ज यादीत यायचं राहील. मदत करायची असेल तर हप्ता थेट बँकेत भरा. त्याची तयारी असेल तर यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या आणि पगाराचं खातं काही महिने घरातल्या कुणाच्या नजरेखाली ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच केलात तरी चालतो. त्याला झोप लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर यादी-बिदी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.