अपडेटनंतर लिबपीएनजीची वॉर्निंग सतत येते, प्रोग्राम मात्र नीट चालतो. दुर्लक्ष करू का? बंद कशी करू?

दुर्लक्ष केलंत तरी चालेल. लिबपीएनजी म्हणजे पीएनजी चित्रं वाचणारी-लिहिणारी लायब्ररी. टर्मिनलवर फक्त 'आयसीसीपी: नोन इनकरेक्ट एसआरजीबी प्रोफाइल' एवढंच येत असेल, तर तुमच्या कोडचं काही चुकलेलं नाही आणि लायब्ररीचंही नाही. चूक पीएनजी फाइलमध्ये आहे आणि ती पहिल्यापासून आहे. २०१३ साली लिबपीएनजी १.६ आली आणि कलर प्रोफाइलची, म्हणजे चित्रातले रंग कसे दाखवायचे या माहितीची, तपासणी कडक झाली. चुकीच्या म्हणून माहीत असलेल्या एसआरजीबी (स्क्रीनवरची नेहमीची रंगपद्धत) प्रोफाइलांची यादी लायब्ररीतच असते. तसली सापडली की ती एक ओळ छापते आणि चित्र एसआरजीबी समजून पुढे जाते. आयसीसीपी हा हे प्रोफाइल ठेवणारा, जोड-माहितीचा चंक (फाइलमधला तुकडा) आहे, त्याच्यावाचून चित्राचं अडत नाही.

पण 'बंद कशी करू' हे वाचून राहवलं नाही.

पुण्यात एका छोट्या कंपनीत असताना क्यूटी या सॉफ्टवेअर-टूलकिटवर बनवलेला आमचा ओळखपत्रं छापणारा प्रोग्राम एका ग्राहकाच्या शाखांमध्ये चालायचा. मशीन उबंटू १६.०४ वरून १८.०४ वर नेली. म्हणजे लिबपीएनजी १.२ जाऊन १.६ आली. लगेच प्रत्येक ओळखपत्रामागे हीच ओळ तीनदा यायला लागली: लोगो, शिक्का आणि चौकट. टीम लीड म्हणाले, "अगं, एरर आउटपुट डेव्ह-नलला पाठव आणि विषय संपव." मी म्हटलं, "सर, तीनच फाइली आहेत, आत्ता साफ करून देते." तर म्हणे, "ग्राहकाच्या लोगोला हात लावायचा नाही." आणि सगळं एरर आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिहिलेलं सगळं गायब करणाऱ्या लिनक्सच्या खड्ड्यात, गेलं.

पुढे एका शाखेत फोटोची चौकट रिकामी छापली जायला लागली. प्रिंटर तपासला, केबल बदलली, स्कॅनरवाल्याला बोलावलं. लॉग कोरा. शेवटी मी ती डेव्ह-नलची जोडणी काढून प्रोग्राम हाताने चालवला आणि पहिल्याच फोटोला 'लिबपीएनजी एरर: रीड एरर' आलं. डिस्क भरली होती, स्कॅन अर्धवट लिहिले जात होते. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्यावर मीटिंगमध्ये ठरलं काय, तर 'नवीन लायब्ररीच खराब, जुन्या आवृत्तीवर जाऊ'! जुनीवर जाणं म्हणजे इतक्या वर्षांच्या सुरक्षा-दुरुस्त्या सोडून देणं. एका निरुपद्रवी ओळीसाठी असं करणं हा शुद्ध अविचार आहे, तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.

तेव्हा वॉर्निंग लपवू नका, फाइल साफ करा. इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या टूलच्या मोग्रिफाय कमांडला स्ट्रिप हा पर्याय द्या, किंवा पीएनजीक्रश या दुसऱ्या टूलने नुसता आयसीसीपी काढा. मोग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं, म्हणून आधी कॉपी ठेवा. चित्रं लोकांनी अपलोड केलेली असतील तर प्रत्येक फाइलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. लिबपीएनजी थेट वापरत असाल तर स्वतःचं वॉर्निंग फंक्शन देता येतं, त्यात नेमकी एवढीच ओळ गाळा, बाकी सगळं येऊ द्या.

हो, आणि स्ट्रिप सरसकट सगळीच प्रोफाइलं काढतं. चित्र अडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या पद्धतींमधलं असेल तर आधी एसआरजीबीत बदलून घ्या, नाहीतर रंग फिके दिसतील. शिवाय चित्रांच्या लायब्ररीची प्रत्येक वॉर्निंग निरुपद्रवी नसते. 'सीआरसी एरर' (फाइलमधली पडताळणीची बेरीज न जुळणं) आला तर फाइल खराब झालेली असू शकते, ती तपासाच. पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीत अँटीएलियस हा कॉन्स्टंट (कोडमध्ये वापरायचं ठरावीक नाव) काढला जाणार असल्याची वॉर्निंग २०२२ पासून येत होती. २०२३ मध्ये पिलो १०.० आली आणि ज्यांनी ती वाचली नव्हती त्यांचे प्रोग्राम बंद पडले.

तुमच्याकडेही कुणी 'लोगोला हात लावू नका' म्हणत असेल, तर साफ करण्याआधीची आणि नंतरची फाइल इमेजमॅजिकच्या कंपेअरमध्ये एई मेट्रिक (वेगळे पिक्सेल मोजणारं माप) लावून त्यांच्यासमोर चालवा. उत्तर शून्य येतं. एकही पिक्सेल बदललेला नसतो.