व्रण की वण?

दारव्ह्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या काकाजींची दुर्बिणीतून तपासणी झाली आणि डॉक्टरांनी कागदावर मराठीत लिहून दिलं, 'अन्ननलिकेत जुना व्रण, त्यामुळे नळी अरुंद.' व्रण म्हणजे जखम ना? मग जखमेनं नळी अरुंद कशी होते? काकाजींचं म्हणणं एवढंच, "कोरडी भाकर अटकते, वरण-भात जाते."

शंका रास्त आहे, घोळ शब्दाचा आहे. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. तोच शब्द झिजून 'वण' झाला, पण अर्थ सरकला: वण म्हणजे जखम भरल्यावर उरलेली खूण. देवीचे वण म्हणतो ते काही ओले नसतात. छापील मराठी मात्र दोन्हींना 'व्रण'च म्हणते. तसा हा गोंधळ आजचा नाही. जखम भरली तरी तिची खूण देह असेतो जात नाही, म्हणून ती व्रण, असं सुश्रुतसंहितेतच म्हटलंय!

तुमच्या कागदावर 'जुना' लिहिलंय, तेव्हा तिथं वणच म्हणायचा असावा. पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की नळी आतून सोलवटते. नुसतं वरचं अस्तर गेलं तर ते पुन्हा येतं, मागे काही राहत नाही. इजा खोल गेली की खालच्या आधार देणाऱ्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी कामाला लागतात, कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू घालत सुटतात. त्यातल्या काही स्नायूंसारख्या आखडायलाही लागतात. या मायोफायब्रोब्लास्ट, गाब्बियानी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या. हातापायाच्या जखमेत त्यांनी कडा जवळ ओढल्या तर बरंच. पोकळ नळीत तेच अंगाशी येतं. कापसाच्या बोऱ्याचं भोक दाभणानं शिवताना सुतळी जास्त ओढली की भोवतालचं तरटही चुणत येतं ना, तसं.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ओला व्रण आहे की भरलेला वण? व्रणाला आम्ल कमी करायचं औषध लागतं, वणानं आवळलेली नळी बरेचदा फुग्यानं रुंद करावी लागते. तुकडा तपासायला घेतला असेल तर त्याचा रिपोर्टही मागून घ्या, कारण नळी अरुंद व्हायला वण हे एकच कारण नसतं.

फायब्रोब्लास्टला मराठी शब्द? मी घरात 'विणकर पेशी' म्हणतो. कोशात शोधू नका, सापडायचा नाही.